भावाचा फोन आणि कमरेची उसण

डॉक्टर, नमस्कार.

मी ४७ वर्षांची आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. अडीच वर्षांपूर्वी भरलेलं सिलेंडर सरकवताना कमरेत उसण भरली, ती आजतागायत गेली नाही. शेक, मालिश, कंबरपट्टा, गावातल्या एकाकडून कंबर चोळून घेणं, सगळं झालं. एमआरआयमध्ये मणक्याची गादी थोडी बाहेर आल्याचं लिहिलंय. डॉक्टरांनी पाय उचलून पाहिले, गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली. नस दबलेली नाही, ऑपरेशनची गरज नाही म्हणाले.

आता खरी गोष्ट. वडील जाऊन दोन वर्षं झाली. शेतीच्या हक्कसोडपत्रावर सही कर म्हणून धाकटा भाऊ दर रविवारी संध्याकाळी फोन करतो. तो फोन आला की कंबर अशी धरते की पोळ्या लाटायला उभं राहवत नाही. सोमवारी शाळेत खुर्चीतून उठताना टेबलाचा आधार घ्यावा लागतो. उलट फेब्रुवारीत पुतणीचं लग्न झालं, तेव्हा हळदीपासून पाठवणीपर्यंत दोन दिवस मी पायांवर होते आणि कंबरेची आठवणही झाली नाही. तेव्हापासून आमच्या ह्यांना विषय मिळालाय. "लग्नात बरी दुखली नाही? भावाचा फोन आला की बरी दुखते!"

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी रात्री घ्यायला ॲमिट्रिप्टिलिनची १० मिलिग्रॅमची गोळी दिली. फार्मसीला असलेला भाचा म्हणाला, "मावशी, ही तर डिप्रेशनची गोळी." तेव्हापासून ती पाकीट न फोडता कपाटात ठेवलीय. म्हणजे डॉक्टरांनाही तेच वाटतं, जे ह्यांना वाटतं. माझं दुखणं खरं आहे की मनाचं? मी नाटक करते का? सही करून टाकली तर कंबर सुटेल का?

– शाळेतल्या एक बाई

बाई,

तुमची मुलं हाक मारतात तशीच मीही मारते, चालेल ना?

तुम्ही नाटक करत नाही. दुखणं खरं आहे. सही केल्याने कंबर सुटेल असं समजू नका. आणि ती गोळी तुम्हाला वेड्यात काढायला दिलेली नाही. चारही उत्तरं आधीच देऊन टाकते, कारण ती शेवटपर्यंत लांबवली तर वाचता वाचता तुमची कंबर आणखी धरायची.

एक खात्री मात्र करून घेऊ. पायातली ताकद कमी होणं, चालताना पाऊल घासटणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागी बधिर वाटणं, लघवी अडणं किंवा नकळत होणं, यांतलं काही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. ताप, कारण नसताना वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं आणि कुठल्याही कुशीवर न थांबणारं दुखणं, हे असेल तरी लवकर दाखवायचं. तुमच्या पत्रात यातलं काही नाही आणि तपासणी नीट झालेली दिसते, म्हणून पुढचं लिहिते.

मी भूलतज्ज्ञ आहे आणि बरीच वर्षं पेन क्लिनिक चालवते. नवी नवी डॉक्टर असताना मी एका बाईंना म्हणाले होते, "रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुम्हाला काही झालेलं नाही." मला वाटलं, मी आनंदाची बातमी दिली. त्या काही बोलल्या नाहीत. फाइल पदराखाली धरून निघून गेल्या आणि परत आल्या नाहीत. मी त्यांना खोटं पाडलं होतं, हे कळायला मला पुढे काही वर्षं लागली. तुम्ही जो प्रश्न विचारलाय, "खरं की मनाचं", तो त्यांच्या चेहऱ्यावर होता. आणि या प्रश्नातच घोळ आहे. वेदनेच्या अभ्यासकांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिने १९७९मध्ये वेदनेची व्याख्या केली आणि २०२०मध्ये ती सुधारली. दोन्ही वेळा तिच्यात एक गोष्ट कायम राहिली: वेदना हा संवेदनेचा आणि भावनेचा मिळून होणारा नकोसा अनुभव आहे. भावना ही वेदनेवर नंतर पडणारी फोडणी नव्हे. ती पिठातच मळलेली असते.

आधी लग्नाचं बोलू, कारण तुम्हाला सगळ्यात जास्त ते खातंय असं दिसतं.

१९४४ साली इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर नावाचा अमेरिकन भूलतज्ज्ञ जखमी सैनिकांवर उपचार करत होता. हाडं मोडलेली, पोटात गोळ्या घुसलेल्या. त्याने शुद्धीवर असलेल्या दोनशेहून अधिक जखमींना विचारलं की दुखतंय का, औषध हवंय का. साधारण चारातले तीन जण नको म्हणाले. काहींना तर वेदनाच नव्हती. ते धक्क्याने बधिर झाले होते म्हणावं, तर तेच सैनिक सलाइनची सुई नीट शिरेत गेली नाही की ओरडत. लढाई संपल्यावर बीचर बॉस्टनला परतला आणि ऑपरेशन झालेल्या साध्या नागरिकांना तेच विचारलं. जखमा तुलनेने लहान, तरी बहुतेकांना औषध हवं होतं. बीचरने अर्थ असा लावला की सैनिकासाठी जखम म्हणजे जिवंत घरी जाण्याचं तिकीट, नागरिकासाठी तीच जखम म्हणजे संकट. जखम सारखी असली तरी तिचा अर्थ बदलला की दुखणं बदलतं.

त्या सैनिकांना कुणी म्हणालं नाही, "रणांगणावर बरं दुखलं नाही?"

हे घडतं कसं? तुमच्या कमरेतून निघतो तो निरोप असतो, वेदना नव्हे. वेदना मेंदूत तयार होते. कंबरेतला तो निरोप पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत पोचतो आणि तिथून वर जायचं की नाही हे तिथेच बऱ्याच अंशी ठरतं. १९६५ साली कॅनडाचे रोनाल्ड मेलझॅक आणि इंग्लंडचे पॅट्रिक वॉल यांनी याला फाटकाची उपमा दिली. फाटक उघडं तर निरोप वर जातो, अर्धवट लावलेलं असेल तर कमी जातो. पडलेल्या पोराचा गुडघा आई चोळते तेव्हा त्या स्पर्शाचे निरोप फाटकात गर्दी करतात आणि दुखणं उतरतं. पण महत्त्वाचं हे, की या फाटकाची एक दोरी वरून, मेंदूतून येते. त्यांच्या सिद्धांतातले बारकावे नंतर बदलले. दोरी मात्र खरी निघाली.

मेंदूच्या मधल्या भागात राखाडी पेशींचा एक छोटा पट्टा आहे. आनंद, उत्साह, अंगावर घेतलेली जबाबदारी, जिवावरचा प्रसंग, यांची खबर त्याच्यापर्यंत गेली की तो खाली हुकूम धाडतो, फाटक ओढून घ्या. त्यासाठी मेंदू स्वतःचीच अफू वापरतो, एंडॉर्फिन नावाची. कॅलिफोर्नियात १९७८मध्ये अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग झाला. औषध म्हणून दिलेल्या नुसत्या पाण्यासारख्या इंजेक्शननेही काहींची वेदना उतरत होती. अशांना अफूचा परिणाम काढून टाकणारं नॅलोक्सोन दिलं, तर वेदना परत आली. बाहेरून अफू दिलेलीच नव्हती. म्हणजे "आता बरं वाटेल" या नुसत्या भरवशावर मेंदूने घरचा डबा उघडला होता.

हळदीच्या दिवशी तुम्ही पाहुण्यांचं बघत होतात, रुखवत मांडत होतात, मध्येच कुणाच्या तरी लहानग्याला शोधत होतात (हे मी मनाने लिहिते, पण लग्नघरात याहून वेगळं काय असतं?). डबा उघडा होता. कंबरेतून निरोप येत होते, वरून फाटक ओढलं जात होतं.

याची उलटी बाजूही सांगते, म्हणजे तुमच्या यजमानांना एकच बाजू ऐकवल्यासारखं होणार नाही. १९९५मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एका २९ वर्षांच्या बांधकाम कामगाराची हकिगत छापून आली. त्याने वरून उडी मारली ती १५ सेंटिमीटरच्या खिळ्यावर. खिळा बुटातून आरपार. जरा हलवला तरी तो विव्हळायचा, म्हणून गुंगीचं आणि अफूच्या जातीचं औषध देऊन खिळा काढला. बूट उतरवला तर खिळा दोन बोटांच्या मधून गेलेला, पायाला ओरखडाही नाही. तो माणूस खोटं विव्हळत नव्हता. डोळ्यांना दिसलेल्या खिळ्यावरून त्याच्या मेंदूने जी वेदना तयार केली, ती शंभर टक्के वेदना होती. आपल्याकडे म्हणतात ना, मन चिंती ते वैरी न चिंती.

आता रविवार.

कुठल्याही दुखण्यात दोन गोष्टी असतात: किती दुखतंय आणि ते किती छळतंय. मेंदूत या दोन्हींचे रस्ते बऱ्यापैकी वेगळे आहेत. कुठे, किती, कशा प्रकारचं, याचा हिशेब ठेवणारा भाग वेगळा. "हे भयंकर आहे, हे थांबवा" असं म्हणणारे भाग वेगळे. माँट्रियालमध्ये १९९७ साली पिएर रॅनव्हिल आणि सहकाऱ्यांनी लोकांचे हात कढत पाण्यात बुडवले आणि संमोहनाने फक्त छळण्याचा भाग कमीजास्त केला. पाणी तेवढंच गरम. मेंदूच्या चित्रात हिशेबाचा भाग जवळपास जसाच्या तसा राहिला आणि मेंदूच्या मध्यरेषेलगतचा सिंग्युलेट नावाचा पट्टा छळण्याबरोबर वरखाली होत राहिला. काही रुग्णांमध्ये मेंदूला इजा होऊन हे छळणंच निघून जातं. टोचलेलं त्यांना कळतं, कुठे टोचलं तेही सांगतात आणि हसतात. हे वरदान समजू नका, अशी माणसं स्वतःला भाजून घेतात.

भावाचा फोन येतो तेव्हा तुमची कंबर सकाळी होती तशीच असते. गादी एक मिलिमीटरही सरकत नाही. बदलतं ते हे: बदामाएवढी एक गाठ, अमिग्डाला, जिचं काम घरातल्या राखणदार कुत्र्याचं, ती भुंकायला लागते. श्वास आखूड होतो, पोट आणि कंबरेचे स्नायू ताठतात, आणि मघाची फाटकाची दोरी यावेळी उलट ओढली जाते. धोका आहे म्हटल्यावर शरीराच्या कुरबुरी बारकाईने ऐकायला हव्यात, असं मेंदूचं साधं गणित. जुनी उसण जिथे आहे तिथलीच कुरबुर आधी ऐकू येणार. मला एक सांगा, फोन सातला येत असेल तर कंबर सहापासूनच धरायला लागते का? लागत असेल तर आश्चर्य नाही. शाळेची घंटा ऐकून मुलांना भूक लागते, तसं ते आहे. सोमवारच्या दुखण्याचं कारण बहुधा आणखी सरळ आहे: रविवारी रात्री तुम्ही झोपत नसाल. एका रात्रीची झोप मोडली तरी दुसऱ्या दिवशी तेवढंच टोचणं जास्त दुखतं. ऑपरेशनआधी जो फार घाबरलेला असतो त्याला नंतर वेदनाशामक जास्त लागतं, हे आम्हा भूलतज्ज्ञांना रोजच्या कामातून ठाऊक असतं.

मराठीत दुखणं आणि दुखावणं हे शब्द एकाच घरचे. २००३ साली लॉस एंजेलिसमध्ये नाओमी आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. कॉम्प्युटरवर तिघं जण चेंडू फेकतायत असं दाखवून मध्येच खेळणाऱ्याला वगळायचं, चेंडूच द्यायचा नाही. वगळल्याचं दुःख होताना मेंदूत तोच सिंग्युलेट पट्टा जागा झालेला दिसला. २०१०मध्ये असंही दिसलं की तीन आठवडे रोज पॅरासिटामॉल घेणाऱ्यांना दुखावलं गेल्याची टोचणी थोडी कमी वाटते. (म्हणून रविवारी सहा वाजता पॅरासिटामॉल घेऊन बसू नका. गंमत म्हणून सांगितलं.) पुढे २०१४मध्ये बारकाईने पाहिल्यावर कळलं की त्याच भागात दोन्ही दुखण्यांचे नमुने वेगवेगळे असतात. म्हणजे घर एक, खोल्या वेगळ्या. "मन दुखलं म्हणून कंबर दुखते" असं सरळसोट कुणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नका. पण सख्खा भाऊ आपल्याला फक्त एका सहीपुरतं फोन करतो, "कशी आहेस" हे विचारत नाही, ही गोष्ट ज्या घरात येते त्याच घरात तुमची उसणही राहते. शेजारणी एकमेकींना ऐकू येणारच. आणि वडील जाऊनही दोनच वर्षं झालीत. त्याबद्दल तुम्ही एका ओळीच्या पुढे काही लिहिलं नाही.

एमआरआयचं थोडक्यात. गादी बाहेर आली, मणक्यात गॅप पडला, हे शब्द ऐकून माणूस वाकणं सोडतो. कंबर अजिबात दुखत नसलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५मध्ये एक अभ्यास आला. त्यात चाळिशीतल्या ५० टक्के लोकांच्या गाद्या बाहेर आलेल्या होत्या आणि ६८ टक्क्यांच्या झिजलेल्या होत्या. काहीही न दुखता! केस पिकावेत तशी ही गोष्ट. तुमची उसण पहिल्या दिवशी स्नायूंची आणि सांध्यांची असेल. ते भरून यायला काही आठवडे लागतात, अडीच वर्षं नाही. मग राहिलं काय? शिकागोच्या संशोधकांनी २०१३मध्ये नव्याने कंबर धरलेल्या लोकांच्या मेंदूचं वर्षभर निरीक्षण केलं. ज्यांचं दुखणं गेलं नाही, त्यांच्या मेंदूत ते हळूहळू संवेदनेच्या भागांतून भावनेच्या भागांकडे सरकत गेलं. दुधाने पोळलेला ताक फुंकून पितो, तशी मज्जासंस्था साध्या हालचालीलाही फुंकर मारत बसते. यात तुमचा दोष कुठे आहे? पण वाईट शिकलेलं मज्जासंस्थेकडून विसरवून घेता येतं, हे तुम्हा शिक्षकांना मी काय सांगणार.

गोळीकडे येते. ॲमिट्रिप्टिलिन १९६१ साली अमेरिकेत डिप्रेशनसाठी मान्य झालं, भाचा त्या अर्थी बरोबर आहे. (त्याला सांगा, परीक्षेत अर्धे गुण.) डिप्रेशनसाठी ते ७५, १००, १५० मिलिग्रॅमपर्यंत देत असत. तुम्हाला १० दिलंय. इतक्या कमी मात्रेचा हेतूच वेगळा असतो. मेंदूतून खाली येणाऱ्या फाटकाच्या दोरीत नॉरॲड्रेनलिन आणि सेरोटोनिन ही दोन रसायनं काम करतात, गोळी ती जास्त वेळ टिकवते. शिवाय झोप लागते. कंबरदुखीत ती सगळ्यांना लागू पडते असं नाही, नसेच्या दुखण्यात तिचा अनुभव जास्त चांगला आहे. तोंड कोरडं पडेल, सकाळी जरा जड वाटेल, पोट साफ व्हायला त्रास होईल. काचबिंदू असेल, हृदयाचा त्रास असेल किंवा दुसरी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. सुरू करायची की नाही हे त्यांच्याशीच बोलून ठरवा, पण "मला वेडी ठरवलं" या रागावर ठरवू नका.

आणि रागाने घेतलेली गोळी लागू तरी कशी पडणार? ऑक्सफर्डमध्ये २०११ साली लोकांच्या पायाला चटका देत शिरेतून जोरदार वेदनाशामक चालू ठेवलं. औषध सुरू झाल्याचं सांगितलं तेव्हा त्याचा परिणाम दुप्पट झाला. "आता औषध बंद केलं, दुखणं वाढेल" असं सांगितलं, प्रत्यक्षात औषध चालूच होतं, तर परिणाम जवळपास पुसला गेला. शिरेतून जाणाऱ्या औषधाचं हे, मग कपाटातल्या पाकिटाचं काय.

डिप्रेशन आहे का, हा प्रश्न मात्र वेगळा ठेवून स्वतःला विचारा. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, पहाटे जाग येऊन जीव घाबरत असेल, नको वाटत असेल सगळं, तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा आहे, १४४१६, मराठीतही बोलता येतं. दीर्घ दुखण्याबरोबर उदासी येणं हे इतकं नेहमीचं आहे की त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता करायचं काय? शाळेतली दुरेघी वही घ्या. रोज झोपताना दोन आकडे लिहा, दहापैकी: किती दुखलं आणि त्याने किती छळलं. बाजूला एका ओळीत त्या दिवशी काय घडलं ते. बहुतेकांना दोन आठवड्यांत दिसायला लागतं की दोन्ही आकडे बरोबर चालत नाहीत. ज्या दिवशी दुखणं सहा आणि छळणं तीन असेल, त्या दिवशी काय वेगळं होतं, ते शोधा. तिथे तुमचा घरचा डबा आहे. पण वही दिवसभर उघडी ठेवू नका. दर तासाला कंबरेची हजेरी घेतली तर ती "हजर बाई" म्हणणारच.

कंबरपट्टा हळूहळू सोडा. वाकणं पुन्हा शिका, आणि तेही ज्या वेळी मन शांत असतं तेव्हा, म्हणजे तुमच्या बाबतीत रविवारी नाही. पहिल्या आठवड्यात खुर्चीवर बसून चपलेपर्यंत हात. मग उभं राहून गुडघ्यापर्यंत. मग पहिलीच्या मुलांच्या बाकावरची वही उचलणं. दुखेल. दुखलं की मनात म्हणायचं की हा जुना भोंगा वाजतोय, आग लागलेली नाही. वाकायची भीती वाटेनाशी झाली की दुखणं मागोमाग उतरतं, बहुतेक वेळा याच क्रमाने. रोज अर्धा तास चालणंही हवं, पण ते चालणं मैत्रिणीबरोबर असेल तर जास्त उपयोगी. व्यायाम कुठला, यावर मी फार वाद घालत नाही. जो तुम्ही सहा महिने कराल तो.

ही भीती उतरवण्याची रीत कोलोरॅडोत एका चाचणीत तपासली गेली, २०२२मध्ये ती छापून आली. वर्षानुवर्षं कंबर दुखणारे १५१ लोक. ज्यांना चार आठवडे "ही वेदना धोक्याची खूण नाही" हे नीट समजावून, हालचालीसकट शिकवलं, त्यांच्यातल्या ६६ टक्क्यांचं दुखणं गेलं किंवा जवळपास गेलं. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हेच प्रमाण १० टक्के. अर्थात ते सौम्य ते मध्यम दुखण्याचे लोक होते, शिकलेसवरलेले, वेळ काढू शकणारे, आणि त्यांना शिकवणारी माणसं तयार होती. तुमच्या तालुक्याला असं कुणी मिळेलच असं नाही. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं, ही म्हण मी पेशंटना अजूनही सांगते. ६६ टक्के ऐकून त्या उरलेल्या ३४ टक्क्यांत आपण असलो तर आपलंच काही चुकलं, असं कुणाला वाटू नये म्हणून.

फोनचं थोडं वेगळं करून पाहा. स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून, तवा तापलेला असताना तो फोन घेऊ नका. भावाला आधीच निरोप पाठवा: शनिवारी सकाळी दहाला बोलेन, वीस मिनिटं. वेळ तुम्ही ठरवलीत की निम्मा दरारा जातो. अंगणात चालत चालत बोला. बोलणं संपलं की लगेच घरात शिरू नका, श्वास सावकाश सोडत दोन फेऱ्या मारा, मग आत जा.

सही करायची की नाही हा कंबरेचा प्रश्नच नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिलाय. तो ठेवायचा, सोडायचा, की काही मध्यममार्ग काढायचा, हे वकिलाला विचारून आणि शांतपणे ठरवा. दुखणं थांबावं म्हणून सही केलीत आणि ते थांबलं नाही, तर मग कंबरेला आणखी एक सल मिळेल. मी अशा दोघी पाहिल्यात. एकीने सही केली होती, एकीने नव्हती, आणि दोघींची कंबर ज्या त्या वेगळ्या कारणांनी सुटली.

राहिले तुमचे यजमान. हा एवढा तुकडा त्यांना वाचून दाखवा.

साहेब, तुमचं निरीक्षण अचूक आहे. लग्नात दुखलं नाही, फोनवर दुखलं, हे तुम्ही टिपलंत, मला पहिल्या भेटीत हेच विचारून काढायला अर्धा तास लागला असता. निष्कर्ष तेवढा चुकला. "बरी दुखते" हे वाक्य कानात गेलं की राखणदार कुत्रा पुन्हा भुंकतो, म्हणजे त्या दुखण्यात तुमचाही थोडा वाटा पडतो. दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. हे उचलू नको, ते वाकू नको, तू पडून राहा, असं म्हणत राहिलात तर त्यांच्या मेंदूला वाटेल, खरंच काही मोडलंय. सिलेंडर मात्र तुम्ही सरकवा, ते तसंही तुमचंच काम होतं. आणि शनिवारी दहाला फोन चालू असताना पेपर घेऊन का होईना, शेजारी बसा. काही बोलायची गरज नाही.

बाई, वही दोन महिन्यांची झाली की पत्र पाठवा. मला रविवारची पानं बघायचीत.